प्रकाशाची पहिली तलवार: कागदापासून रंगमंचापर्यंत

पोलादपूरजवळच्या उमरठला नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर ते पडले आणि त्यांचा देह मढे घाटाने उमरठला आणला गेला, असे इथली परंपरा सांगते. महाड तालुक्यात तर रायगडच आहे. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतली शाळांची स्नेहसंमेलने, फेब्रुवारीतली पुण्यतिथी, १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि ६ जूनचा राज्याभिषेक दिन या साऱ्या निमित्तांनी महाड-पोलादपूरच्या मुलांच्या हातात तलवार येते. ती बहुधा पुठ्ठ्याची असते आणि तिला चंदेरी कागद लावलेला असतो. मात्र लाइटसेबर पडद्यावर पाहत वाढलेल्या मुलांना आता उजळणारे पाते हवे असते. ही मागणी मला मनापासून आवडते. ते पाते घरी घडवता येते, आणि ते घडवताना मोजमाप, वीजजोडणी आणि हातकाम या तीन गोष्टी मुले एकदम शिकतात.

हा लेख अशा पहिल्या तलवारीसाठी आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: पहिली तलवार सरळ, हलकी आणि स्क्रू काढला की पूर्ण उघडणारी असावी. प्रयोगाच्या रात्री नऊ वाजता तार सुटली, तर पोलादपुरात कोणते दुकान उघडे सापडणार? हाताशी असेल तो फक्त एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक पाना, आणि तेवढ्यावर दुरुस्ती झाली पाहिजे. पुढची प्रत्येक निवड याच कसोटीवर केलेली आहे.

आधी प्रसंग, मग तलवार

सामान आणायला निघण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. तलवार कोण धरणार? किती वेळ? प्रत्यक्ष भिडवायची आहे की फक्त मिरवायची? प्रकाश कधी लागणार आणि कधी विझणार?

कोंढाण्याचा प्रसंग घेऊ. किल्लेदार उदयभानाशी लढताना ढाल तुटते, तानाजी डाव्या हाताला शेला गुंडाळतात आणि लढत राहतात. ही कथा सर्वांना तोंडपाठ आहे. ढाल तुटेपर्यंत पाते विझलेले ठेवले आणि शेला गुंडाळून झाल्यावर ते उजळले, तर प्रेक्षक त्या क्षणी जागेवरच सावरून बसतील. नरवीर पडतात तेव्हा पाते विझले पाहिजे. पुढे शेलारमामा तलवार उचलतात तेव्हा ते पुन्हा उजळू शकते. एवढे ठरले की बटणाची जागा आपोआप ठरते: ते अंगठ्याखाली हवे आणि न पाहता दाबता आले पाहिजे. डावा हात शेल्यात गुंतलेला असल्याने तलवार एकाच हाताने पेलली पाहिजे. म्हणून वजन अर्ध्या किलोच्या आत हवे. प्रसंग दहा मिनिटांचा असेल, तर बॅटरी पाऊण तास चालली तरी भरपूर झाले.

दोन तलवारी जोरात भिडणार असतील, तर पात्यात एलईडीची पट्टी घालू नका. दणक्यांनी पट्टीवरचे सोल्डरचे टाके सर्वांत आधी निखळतात. पहिल्या तलवारीने हवेत वार करावेत, तालमीत बसवलेले दोन-चार हलके स्पर्श घ्यावेत आणि खणखणाट पडद्यामागून द्यावा.

आकार आपल्याच मातीतला

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटासाठी रॉजर ख्रिश्चन यांनी लाइटसेबरची मूठ नव्याने घडवली नव्हती. लंडनमधल्या छायाचित्रणाच्या साहित्याच्या दुकानात त्यांना जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्यांच्या फ्लॅशचे दांडे मिळाले. त्यांवर रबराच्या पट्ट्या चिकटवून त्यांनी मूठ उभी केली. तयार वस्तूचा मूळ उपयोग बाजूला ठेवून तिच्या आकाराकडे पाहायचे, हे प्रॉप बनवणाऱ्याचे खरे कौशल्य. ही नजर घेऊन महाडच्या बाजारपेठेत फिरलात, तर प्लंबिंगचे, भांड्यांचे आणि औषधांचे अशी तीन दुकाने मिळून बरीचशी तलवार जमा होते.

मुठीचा आकार मात्र चित्रपटाचा नको. मराठ्यांची धोप लांब आणि जवळजवळ सरळ पात्याची होती. आपली पारदर्शक नळीही सरळच असते, त्यामुळे धोपेचा घाट तिला शोभतो आणि पाते वाकवण्याची खटपट उरत नाही. मुठीवर बोटांना आडोसा देणारी वळणदार परज आणि बुडाशी गोल कटोरी, एवढी दोन अंगे नीट साधली की लांबून पाहणारा प्रेक्षक ती मराठी तलवार म्हणून लगेच ओळखतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, म्हणून काही मुले पट्टाच हवा असे म्हणतील. पट्ट्यात हात कोपरापर्यंत धातूच्या आवरणात जातो आणि तोल सांभाळायला सराव लागतो. तो दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

खऱ्या मापाचे चित्र

एक मोठा ब्राउन पेपर जमिनीवर पसरा आणि तलवार खऱ्या मापात काढा. हिशेब असा:

मूठ २८ सेंटिमीटर. समोरून पहिले ७ सेंटिमीटर नळी आत बसायला, पुढचे ६ बटण आणि तारांना, त्यानंतर १३ पॉवर बँक आणि तिच्या पिनला, शेवटचे २ टोपणाला. मुठीबाहेर दिसणारे पाते ७० सेंटिमीटर. म्हणजे नळी ७७ सेंटिमीटर लागेल आणि पूर्ण तलवार ९८ सेंटिमीटर होईल.

हे माप मोठ्या माणसाचे झाले. टोक जमिनीवर टेकवून तलवार उभी धरली की मुठीचे बूड धरणाऱ्याच्या बेंबीच्या वर जाऊ नये, हा सोपा नियम लक्षात ठेवा. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी पाते ५५ सेंटिमीटर पुरे. मुठीचा पाइप लहान मुलाच्या पंजात मावतो का, तेही दुकानातच त्याच्या हातात देऊन पाहा.

कागदावर प्रत्येक स्क्रूची जागा फुली मारून दाखवा. पॉवर बँकेच्या १३ सेंटिमीटरांत एकही लांब स्क्रू येत नाही ना, हे तपासा. लिथियमच्या सेलला स्क्रूचे टोक घुसले तर आग लागू शकते. कागदावर ही चूक खोडरबराने सुधारते, म्हणून चित्राला एक संपूर्ण संध्याकाळ द्या.

सामान आणि ते कुठे मिळेल

पात्याची नळी: बाहेरून २५ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर, दुधी किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेट. अ‍ॅक्रिलिक नको. ते दिसायला तसेच असते, पण दणका बसला की त्याचे धारदार तुकडे उडतात. पॉलिकार्बोनेट वाकते, सहसा फुटत नाही. ही नळी बहुधा मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावी लागते. गावाकडे येणाऱ्या चाकरमान्याला सांगून ठेवलेत, तर ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून एलईडी पट्टी, कनेक्टर आणि बटण एकाच फेरीत येते. नळी एक मीटरची मिळाली तर २३ सेंटिमीटरचा तुकडा उरतो. तो टाकू नका, भोक पाडण्याची आणि प्रकाश पसरवण्याची चाचणी त्याच्यावर करा.

एक कळकळीची सूचना: जुनी काचेची ट्यूबलाइट पाते म्हणून कोणीही, कधीही वापरू नये. ती फुटली की काच डोळ्यांत जाते आणि आतला पारा हवेत येतो. शाळेच्या भांडारात अशा नळ्या पडून असतात आणि मुलांना त्यांचा मोह होतो. शिक्षकांनी त्या आधीच हलवाव्यात.

मूठ: शेतीच्या पाण्यासाठी वापरतात तो ३२ मिलिमीटरचा करडा पीव्हीसी पाइप, शिवाय त्याचा एक एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) आणि त्यावर बसणारे आट्याचे टोपण. या पाइपचे माप बाहेरून मोजलेले असते. आत २५ ची नळी थोडी सैल बसते आणि ती फट इन्सुलेशन टेपच्या वेढ्यांनी भरून निघते. पाइपचा तुकडा खिशात ठेवूनच पॉवर बँक घ्यायला जा. ती आतून सहज सरकली पाहिजे.

परज: २० मिलिमीटर रुंद, २ ते ३ मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. खिडक्यांची कामे करणाऱ्याकडे तिचे तुकडे मिळतात.

कटोरी: स्टीलची छोटी, उथळ वाटी.

टोक: औषधांच्या दुकानात कुबडीच्या किंवा काठीच्या बुडाला लावायचे रबर मिळते. ते २५ मिलिमीटरच्या नळीवर घट्ट बसते आणि समोरच्याला इजा होऊ देत नाही.

पात्याचा कणा: बांबूची वाळलेली कामटी, ८ मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंनी सपाट तासलेली. टोपल्या विणणाऱ्या कारागिराला माप दिलेत तर तो हवी तशी काढून देईल.

वीज: पाच व्होल्टची एकरंगी एलईडी पट्टी, दंडगोल आकाराची लहान पॉवर बँक, तीन अँपिअरचे दाबले की चालू आणि पुन्हा दाबले की बंद होणारे १२ मिलिमीटरचे बटण, खेळण्यातल्या गाड्यांच्या बॅटरीला असतो तसा लाल-काळ्या तारांचा दोन पिनांचा कनेक्टर, अनेक धाग्यांची मऊ तार आणि हीट श्रिंक नळी.

विजेचा हिशेब

बाजारात बारा व्होल्टची एलईडी पट्टी सर्रास मिळते. ती पॉवर बँकेवर चालणार नाही, म्हणून ‘पाच व्होल्ट’ असे स्पष्ट सांगून घ्या. पट्टीच्या वेष्टनावर दर मीटरला किती वॅट ते लिहिलेले असते. कामटीच्या दोन्ही बाजूंना एकेक अशा ७० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या लागणार आहेत. मीटरला ६ वॅटची पट्टी घेतली तर एका बाजूला ४.२ आणि दोन्ही मिळून ८.४ वॅट झाले. त्याला ५ व्होल्टने भागले की १.६८ अँपिअर. २ अँपिअर देणारी पॉवर बँक हे सहज पेलते. हीच पट्टी मीटरला १० वॅटची घेतली तर प्रवाह २.८ अँपिअरवर जातो आणि छोटी पॉवर बँक मध्येच बंद पडते. अधिक झगमगाटाच्या हौसेपायी हा हिशेब मोडू नका. अंधाऱ्या रंगमंचावर ८ वॅटचे पाते डोळ्यांत भरण्याइतके उजळते.

किती वेळ चालेल? पॉवर बँकेतल्या २६०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलचा व्होल्टेज सरासरी ३.७ असतो, म्हणजे साठा सुमारे साडेनऊ वॅट-तासांचा. व्होल्टेज पाचपर्यंत चढवताना काही ऊर्जा वाया जाते. ती वजा केली तर ८.४ वॅटचे पाते पाऊण तासाच्या आसपास चालते. दहा मिनिटांच्या प्रसंगाला हे पुरून उरते, तालीमही त्यात बसते.

सुटा लिथियम सेल पहिल्या तलवारीत घालू नका. त्याचे टर्मिनल एकमेकांना भिडले तर क्षणात जाळ होतो. जादा चार्ज आणि शॉर्ट सर्किट यांपासून संरक्षण देणारे सर्किट चांगल्या पॉवर बँकेत आधीच बसवलेले असते. तिचे आउटपुट जुन्या पद्धतीच्या चौकोनी यूएसबीचे, म्हणजे टाइप-ए असावे. टाइप-सीमधून नुसत्या दोन तारांवर वीज मिळेलच असे नाही.

बांधणी

पहिली पायरी, पाते. पट्टी फक्त तिच्यावर छापलेल्या कापण्याच्या रेषेवरच कापा. दोन्ही पट्ट्या कामटीच्या दोन बाजूंना चिकटवा आणि दर दहा सेंटिमीटरवर पारदर्शक टेपचा एक वेढा द्या. पट्टीचा मूळ गोंद कोकणातल्या दमट हवेत सुटतो. दोन्ही पट्ट्यांची अधिक टोके एका लाल तारेला, उणे टोके एका काळ्या तारेला सोल्डर करा. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. आधी पट्टीच्या तांब्यावर कथिलाचा छोटा थेंब, मग तारेच्या टोकावर, मग दोन्ही एकत्र टेकवून क्षणभर उष्णता द्यायची. थेंब चमकदार आणि पसरट दिसला तर टाका पक्का. फुगीर आणि मळकट दिसला तर पुन्हा करा. सोल्डर केलेल्या जागेपासून दोन सेंटिमीटरवर तार कामटीला दोऱ्याने घट्ट बांधा. असे केले की ओढ दोऱ्यावर येते, टाक्यावर येत नाही. तारेच्या मोकळ्या टोकाला दोन पिनांचा कनेक्टर लावा.

आता ही कामटी पॅकिंगच्या पातळ पांढऱ्या फोमच्या एका वेढ्यात गुंडाळून नळीत सरकवा. फोममुळे एलईडीचे सुटे ठिपके पुसले जातात आणि पाते अखंड उजळलेले दिसते. फोम मिळाला नाही तर बटर पेपरचे दोन वेढे चालतात. नळीच्या मागच्या ७ सेंटिमीटरांत पट्टी नको, तिथून फक्त तारा जाऊ द्या.

दुसरी पायरी, मूठ. पाइप २८ सेंटिमीटर लांबीच्या हिशेबाने कापा, मात्र त्यातून एमटीएने वाढणारी लांबी वजा करा. एमटीए सोल्युशनने चिकटवा. तलवारीत कायमचा चिकटवलेला पाइपचा सांधा हा एकच. अंगठा जिथे टेकतो तिथे बटणाचे भोक पाडा. त्यासाठी पाइप मुठीत धरून डोळे मिटा, अंगठा सहज जिथे पडेल तिथे दुसऱ्याकडून खूण करून घ्या.

तिसरी पायरी, नळी आणि मूठ यांचा जोड. नळीच्या मागच्या ७ सेंटिमीटरांवर दोन ठिकाणी टेपचे वेढे देऊन ती पाइपात घट्ट बसवा. पाइपच्या तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरवर पाइप आणि नळी यांतून आरपार साडेचार मिलिमीटरचे भोक पाडा. ड्रिल सावकाश चालवा आणि आतल्या तारा आधी मागे ओढून घ्या. पॉलिकार्बोनेट तापले की वितळून बिटाला चिकटते. या भोकातून ४ मिलिमीटर जाडीचा, ४५ मिलिमीटर लांबीचा बोल्ट घाला आणि आत तो जिथून जातो तिथे हीट श्रिंक किंवा सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवा. तारा बोल्टला घासल्या तरी सोलवटणार नाहीत. पलीकडे नायलॉन नट लावा, तो धक्क्यांनी सैल होत नाही. नळी पक्की धरायला हा एक बोल्ट पुरतो, आणि तो काढला की पाते अख्खे बाहेर येते. नळी चिकटवण्यासाठी झटपट गोंद वापरू नका. त्याच्या वाफेने पॉलिकार्बोनेट धुरकट होते. थिनर आणि अ‍ॅसिटोन तर नळीजवळही आणू नका, त्यांनी तिला बारीक चिरा जातात.

चौथी पायरी, परज आणि कटोरी. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जाड पाइपवर दाबत दाबत बोटांभोवती येईल अशी वळवा. कडा कानशीने गोल करा आणि तळहात फिरवून पाहा, कुठेही खरखर लागता कामा नये. पट्टीचे पुढचे टोक त्याच आरपार बोल्टखाली अडकते, त्यासाठी वेगळे भोक लागत नाही. मागचे टोक कटोरीपर्यंत नेण्याचा मोह होईल, कारण खऱ्या तलवारीत ते तसे भासते. इथे मात्र ते टोपणाच्या अलीकडे पाइपवरच संपवा. टोपणाला खिळवलेत तर टोपण फिरणार नाही आणि पॉवर बँक आतच अडकेल. हे टोक एका अगदी आखूड स्क्रूने बसवा, खाली दोन वॉशर द्या आणि पाइपच्या आत बोट घालून टोक बाहेर आलेले नाही याची खात्री करा. आले असेल तर कानशीने घासा आणि त्यावर जाड टेप लावा. वाटीला मध्यभागी भोक पाडून ती टोपणावर आतून नट आणि बाहेरून गोल डोक्याचा बोल्ट लावून बसवा. वाटीचे भोक लेथवाल्याकडून किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानातून पाडून घेतले तर उत्तम. पातळ स्टील ड्रिलमध्ये अडकून गरगर फिरते आणि बोटे कापतात.

पाचवी पायरी, जोडणी. यूएसबीच्या केबलमधल्या फक्त लाल आणि काळी या दोन तारा लागतात. हिरवी आणि पांढरी वेगवेगळी टेपने बंद करा. लाल तार बटणातून जाते, काळी सरळ कनेक्टरला. बटण ते पॉवर बँक या तारेत २० सेंटिमीटरची ढील ठेवा आणि ती घडी करून आत बसवा. ढील असेल तर पॉवर बँक टोपणातून पूर्ण बाहेर ओढता येते. चार्जिंगही तिला बाहेर काढून, कोणाच्या नजरेसमोरच करा. पॉवर बँक आत खडखडू नये म्हणून भोवती फोमचा एक वेढा द्या.

सहावी पायरी, रूप. मुठीला सुती दोरी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी तिरकी गुंडाळा. घामाने हात घसरत नाही. पाइप आणि परज यांना आधी बारीक पॉलिश पेपर मारा, मग प्रायमर, मग पितळी किंवा लोखंडी छटेचा रंग. बटण आणि टोपणाचे आटे रंगवताना टेपने झाका.

तपासणी

बांधून झाल्यावर तलवार टेबलावर ठेवा आणि २० मिनिटे सलग उजळवा. दर पाच मिनिटांनी मूठ, बटण आणि नळीचा खालचा भाग हाताने चाचपा. कोमट चालेल, हात टेकवत नाही इतके गरम झाले तर लगेच बंद करून तारांचा जोड तपासा. टोकाकडचा प्रकाश बुडापेक्षा फारच मंद असेल तर अधिक आणि उणे अशा दोन जादा तारा बुडापासून टोकापर्यंत नेऊन तिथेही जोडा.

मग तोल पाहा. तलवार एका बोटावर आडवी ठेवली की तोलबिंदू मुठीच्या तोंडापासून चार बोटांच्या आत यायला हवा. पाते जड वाटले तर पॉवर बँक आणखी मागे सरकवा किंवा कटोरीत दोन-तीन जास्तीचे वॉशर घाला. शेवटी गवतावर गुडघ्याइतक्या उंचीवरून तलवार खाली पडू द्या. प्रकाश लुकलुकला तर कुठला तरी टाका कच्चा आहे.

तालीम आणि परवानगी

वार खांद्याच्या वर नाहीत, टोक चेहऱ्याकडे नाही, आणि दोघांमध्ये कायम तलवारीच्या लांबीहून एक पाऊल जास्त अंतर, हे तीन नियम पहिल्या दिवसापासून पाळा. आधी पायांची हालचाल मोजून बसवा, मग रिकामे हात, मग काठी आणि सर्वांत शेवटी ही तलवार. ओळखीचे कोणी मर्दानी खेळ जाणणारे असतील, तर एक दिवस त्यांना तालमीला बोलवा. पवित्रा कसा घ्यायचा हे त्यांनी दाखवले की मुलांच्या अंगात वेगळाच डौल येतो.

मिरवणुकीत नेणार असाल तर कायद्याची बाजू समजून घ्या. शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे नियमांच्या कक्षेत येतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण-उत्सवांत तलवारी-भाल्यांसारखी शस्त्रे बाळगण्यावर मनाई आदेश निघतात. प्लॅस्टिकच्या बोथट नळीला धार नाही. तरीही गर्दीत आणि अंधारात लांबून पाहणाऱ्याला ते कळेलच असे नाही. मिरवणुकीच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात जाताना तलवार सोबत न्या, उघडून दाखवा आणि अर्जात तिचा उल्लेख करा. मंडळालाही निर्धास्त वाटते आणि पोलिसांनाही.

वेळापत्रक आणि पावसाळा

फेब्रुवारीच्या कार्यक्रमासाठी दिवाळीच्या सुट्टीत चित्र काढून नळी मागवा. नोव्हेंबरअखेर पाते, डिसेंबरच्या मध्यापर्यंत मूठ आणि जोडणी, आणि जानेवारी पूर्ण तालमीला, असे ठेवलेत तर घाई होत नाही. ६ जूनसाठी बांधत असाल तर पाऊस गृहीत धरा. बटणाच्या कडेला आणि नळी जिथे मुठीत शिरते तिथे सिलिकॉनची बारीक रेघ द्या. सिलिकॉन ब्लेडने सहज निघते, म्हणून उघडण्याचा नियम मोडत नाही.

कार्यक्रम संपला की पॉवर बँक बाहेर काढून निम्मी चार्ज केलेली, वेगळी ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा तपासा. तलवार उंच माळ्यावर, कोरड्या जागी ठेवा. जुलै २०२१ मध्ये महाड शहरात शिरलेले पाणी पाहिलेल्यांना याचे कारण सांगायला नको. पाण्यात बुडालेली लिथियम पॉवर बँक वाळवून पुन्हा चार्ज करणे धोक्याचे असते. ती वापरातून बाद करा.

प्रयोगाच्या पेटीत

एका डब्यात हे घेऊन जा: स्क्रू ड्रायव्हर, नायलॉन नटासाठी पाना, इन्सुलेशन टेप, पूर्ण चार्ज केलेली दुसरी पॉवर बँक, जोडून ठेवलेली जादा केबल, एक जास्तीचे बटण आणि ते खऱ्या मापाचे चित्र. बोल्ट काढणे, पाते बाहेर घेणे, कनेक्टर बदलणे आणि पुन्हा बसवणे याची तालीम मुलांकडून एकदा घड्याळ लावून करून घ्या. नाटकात ज्याच्या हातात तलवार आहे, त्याला ती उघडता आलीच पाहिजे.

रंग बदलणारी पट्टी, फिरवताना होणारा आवाज, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावणारा प्रकाश हे सगळे पुढच्या तलवारीसाठी ठेवा. त्यासाठी लागणारी मूठ, बोल्ट आणि कामटी हीच राहील, फक्त पट्टी बदलेल आणि छोटा कंट्रोलर वाढेल. पहिली तलवार उघडणारी केली असेल तर तिच्यातच हा बदल करता येईल. चित्रावर तुम्ही केलेले फेरफार तारखेसह लिहा आणि त्याची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्या. पुढच्या वर्षी तानाजींची भूमिका करणाऱ्या मुलाला कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागू नये.